अर्धी सरकारची, अर्धी मिलची

दचकू नका, मी क्रेन बोलतेय. खरं तर दचकणं हे माझंच काम. कागदाच्या मिलमागे, नदीच्या धक्क्यावर मी उभी आहे. एवढा लोखंडाचा देह, पण बोटीचा भोंगा वाजला की माझ्या वायरी शहारतात. कबुतरांचा थवा अंगावरून एकदम उडाला की वाटतं, आपलंच काहीतरी निखळलं. क्रेनच्या जातीला हे शोभत नाही, मला ठाऊक आहे. पण एक सांगते. माझ्या बाबतीत जे काही झालं, ते कुणी आरडाओरडा करून केलं नाही. हळू आवाजात, हसत हसत, पाठीवर हात ठेवून केलं. म्हणून हल्ली मला भोंग्यापेक्षा हळू आवाजाचीच जास्त धास्ती वाटते.

माझा जन्म इथला नाही. लांबच्या एका कारखान्यात मला जोडलं, तपासलं आणि पुन्हा सुटं करून इकडे पाठवलं. मी आले तीही रस्त्यानेच, तीन लांबलचक ट्रेलरवर. गावातल्या चिंचोळ्या रस्त्यावर माझी मान एका दुकानाच्या कोपऱ्याला अडकली आणि अख्खी सकाळ वाहतूक ठप्प झाली. चहावाला ओरडला, "वा रे वा! रस्ता मोकळा करायला आणलेली बाई रस्ता अडवून बसली!" सगळे हसले. मला इतकं मेल्याहून मेल्यासारखं झालं, की पुढे कितीतरी दिवस मी त्या दुकानाच्या दिशेला बघायचं टाळत होते.

पण चहावाल्याचं खरं होतं. मला रस्ता मोकळा करायलाच आणलं होतं. मिलचा कागद ट्रकमधून त्याच रस्त्याने जायचा. शाळेच्या भिंतीला घासून ट्रक वळायचे, दुकानांच्या काचा दिवसभर थरथरायच्या. शेजारी एवढी रुंद नदी मोकळी वाहत होती आणि तिच्याकडे कुणी ढुंकून बघत नव्हतं. तेव्हा सरकारने एक योजना काढली. जी मिल आपला माल पाण्यावरून पाठवेल, तिला धक्का आणि क्रेन उभारायला निम्मा पैसा सरकार देणार. निम्मा मिलने घालायचा. अट एकच. ठरलेली वर्षं, ठरलेलं वजन बोटीतून गेलंच पाहिजे. गेलं नाही, तर सरकारचा पैसा व्याजासकट परत. मुदत पुरी झाली, की धक्का आणि मी, दोन्ही मिलच्या मालकीचे.

माझा कोणता अर्धा भाग सरकारचा आणि कोणता मिलचा, हे मला कधीच कळलं नाही. चिमणी म्हणायची, "हात सरकारचा गं, पोट मिलचं."

चिमणी म्हणजे मला चालवणारी मुलगी. बुटकी, चणीने बारीक, आणि एवढ्या उंच केबिनमध्ये बसायची म्हणून धक्क्यावरच्या लोकांनी ठेवलेलं नाव. क्रेन चालवायचं रीतसर शिक्षण घेऊन आलेली. पहिल्याच दिवशी तिने केबिनची काच स्वतःच्या ओढणीने पुसली, लिव्हरवर हात ठेवला आणि म्हणाली, "हे बघ, तूही नवी, मीही नवी. दोघी मिळून घाबरू, म्हणजे भीती निम्मी होईल."

त्या दिवशी माझी चाचणी होती. त्यासाठी काँक्रीटचे मोठमोठे ठोकळे आणले होते, पिवळ्या रंगाने रंगवलेले, प्रत्येकाला वर एक कडी. मी ते उचलले, फिरवले, खाली ठेवले. माझ्या मानेत एक मीटर बसवलेला आहे. मी जे उचलते त्याचं वजन तो मोजतो आणि बेरीज करत राहतो. सरकारचा भरवसा त्या मीटरवर होता. इंजिनिअरने मान डोलावली, फीत कापली गेली, आणि पिवळे ठोकळे शेडच्या मागे गवतात नेऊन टाकले.

आता मामांबद्दल सांगते. चिमणीचे वडील. नदीवर त्यांना सगळेच मामा म्हणत. त्यांची एक जुनी छोटी बोट होती, विटा आणि वाळू वाहणारी. धक्का बांधायचं ठरलं तेव्हा मिलचे मॅनेजर, ज्यांना इथे नुसतं 'साहेब' म्हणतात, ते स्वतः मामांच्या घरी गेले. हे मी पाहिलेलं नाही. चिमणीने सांगितलं. ती केबिनमध्ये एकटी असली की माझ्याशी बोलायची.

साहेब म्हणे स्वयंपाकघरातच स्टूल ओढून बसले. म्हणाले, "मामा, तुमच्या बोटीत माझा दिवसाचा कागदही मावायचा नाही. मोठी बार्ज घ्या. माल माझा, शब्द माझा."

चिमणीच्या आईने हात पुसत विचारलं, "आणि माल आला नाही तर?"

"वहिनी, निम्मा पैसा सरकारने घातलाय. सरकारला फसवून मी जाऊ कुठे? आणि हे बघा, करारातच घालतो. मी माल दिला नाही आणि बोट उभी राहिली, तर उभं राहण्याचंही भाडं देईन. हॉल्टिंग. झालं समाधान?"

आईचं झालं नव्हतं. मामांचं झालं. छोटी बोट विकली, घर बँकेकडे गहाण ठेवलं आणि मोठी बार्ज आली. निळी, रुंद, मधोमध खोल पोट असलेली मालबोट. मामा पहिल्यांदा ती धक्क्याला लावत होते तेव्हा एखाद्या झोपलेल्या माणसाच्या शेजारी बसावं, तसे आवाज न करता आले. मी दचकले नाही. कुणी आल्यावर मी न दचकलेली ती एकच वेळ.

मग कामाचे दिवस आले. त्यांच्याबद्दल बोलायला लागले की माझा आवाज बदलतो, माफ करा. कागदाचे रोल किती देखणे असतात, तुम्हाला कल्पना नाही. खाकी वेष्टनातले, गोल गरगरीत. त्यांना हुक लावायचा नसतो. दोन बाजूंनी पंजात धरायचं, तेही इतकंच की निसटू नये आणि चेपूही नये. चिमणी त्यांना 'बाळं' म्हणायची. एकेक रोल उचलून बार्जच्या पोटात ठेवताना ती श्वास धरायची आणि खाली टेकला की सोडायची. खालून मामा ओरडायचे, "अगं, पाळण्यात घालतेस की काय? आटप, अंधार पडेल!" ती वरून ओरडायची, "तुमच्या बोटीला ओरखडा गेला की मग दिवसभर तोंड पाडून बसता, तेव्हा?" नदीच्या पार टोकापर्यंत त्यांचं भांडण ऐकू जायचं.

गावातले ट्रक बंद झाले. शाळेने आपली भिंत पांढरी रंगवली आणि ती पांढरीच राहिली. साहेब पाहुण्यांना घेऊन यायचे, माझ्याकडे बोट दाखवायचे. मला वाटायचं, आपण कुणाच्या तरी कामाच्या आहोत.

पुढे गावाबाहेरून नवा रुंद हमरस्ता झाला. मिलने एका बाजूने त्याला जोडणारा फाटा काढला. त्या रस्त्याने ट्रक लवकर पोचतात आणि स्वस्तही पडतात, असं मिलच्या लक्षात आलं. रोल कमी होत गेले. आधी दिवसाआड, मग आठवड्यातून कधीतरी. मग नाहीच. मामा रोज सकाळी बार्ज धक्क्याला लावायचे, दोरखंड बांधायचे आणि डेक धूत बसायचे. धुतलेलाच डेक परत धुवायचे. चिमणी केबिनमध्ये स्वेटर विणायला लागली. माझ्या पंजाला गंज चढू नये म्हणून ती अधूनमधून मला रिकामीच फिरवायची. रिकामा पंजा हवेत उघडायचा, मिटायचा. मला लाज वाटायची.

शेवटी साहेब आले. मामा उठून उभे राहिले.

"मामा, अहो बसा. मला वाईट वाटतं हो तुमचं. हॉल्टिंग घ्या ना. करारात आहे."

साहेबांना मामा पुरेपूर माहीत होते. मामांनी मान हलवली. "उभ्या बोटीचे पैसे मी जन्मात घेतले नाहीत, साहेब. माझ्या बापानेही नाही घेतले. बोट हलली तर पैसे. नाहीतर ते भीक मागणं झालं."

"हेच! याच्यासाठीच मी तुमच्याकडे येतो." साहेबांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि आवाज खाली आणला. "मग हलवू या की बोट. शेडमागे ते चाचणीचे ठोकळे पडलेत. ते चढवा, वर ताडपत्री टाका, नदीच्या वळणापर्यंत नेऊन आणा, उतरवा. नेहमीचं भाडं घ्या. गाडी बंद पडू नये म्हणून आपण अधूनमधून फिरवतोच ना, तसं. बाजार सुधारला की पहिला रोल तुमच्याच बोटीत."

चिमणी शिडी उतरून आली होती. "आणि मीटर, साहेब?"

"मीटरचं काय?"

"तो ठोकळ्यांचंही वजन मोजणार."

साहेब हसले. "मोजू दे की. त्याला वजन कळतं. कशाचं, ते थोडंच कळतं?"

त्याला कळत नसेल. मला कळत होतं.

दुसऱ्या दिवशी गवतातून ठोकळे ओढून काढले. त्यांच्या कड्यांत वेल गुरफटले होते. मी ते उचलले. मीटर इमानेइतबारे फिरला. बार्ज वळणापर्यंत गेली, परत आली, मी ठोकळे उतरवले, मीटर पुन्हा फिरला. चिमणी श्वास धरत नव्हती आता. ठोकळा आपटला तरी काय फुटणार होतं? आणि मामा खालून काही ओरडत नव्हते.

हे किती चाललं ते विचारू नका. मुदतीचा उरलेला सगळा काळ चाललं. एवढंच सांगते, की ठोकळ्यांचा पिवळा रंग घासून घासून गेला आणि खालचं करडं काँक्रीट उघडं पडलं. एकदा दुपारच्या डब्याच्या वेळी चिमणी म्हणाली, "बाबा, आपण काय करतोय हे?"

"बोट चालवतोय."

"बाबा."

"हप्ते जातायत ना बँकेचे? मग? माल येईल. साहेबांनी शब्द दिलाय."

"शब्दच देतात ते. त्याला काय गोदाम लागतं?"

मामा हसले नाहीत. पोळीचा घास तसाच हातात धरून नदीकडे बघत राहिले.

मुदत संपत आली तेव्हा सरकारकडून तपासणीला एक मॅडम आल्या. आदल्या संध्याकाळी चिमणीने मला सांगितलं होतं, "उद्या मी सांगून टाकणार. जे व्हायचं ते होऊ दे." सांगितलं असतं तर सरकारने पैसा परत मागितला असता, मिलने धक्क्याला कुलूप लावलं असतं, आणि मामांची बार्ज गेली असती, तिच्यामागे घरही. हे तिला माहीत होतं. तरी ती म्हणाली होती, सांगणार. मी रात्रभर वारा नसताना हलत होते.

मॅडम वाईट नव्हत्या. घाईत होत्या. धक्क्याच्या कडेला यायला घाबरत होत्या, त्यामुळे मला त्या जवळच्या वाटल्या. त्यांनी मीटरचा फोटो काढला, माझा काढला, ताडपत्री टाकलेल्या बार्जचा लांबूनच काढला. मी मनात म्हणत होते, बाई, चार पावलं पुढे या. एक टोक उचला. फक्त एक टोक.

"छान ठेवलंय सगळं," त्या म्हणाल्या. "माल नियमित येतो ना?"

प्रश्न चिमणीला होता. तिने तोंड उघडलं. मी पाहिलं, तिने खरंच उघडलं होतं.

"येतो, मॅडम." मामा मध्येच बोलले. घाईघाईत, नको इतक्या मोठ्याने. "नियमित येतो. माझी बोट एक दिवस उभी राहिली नाही."

मॅडमनी ते तसंच्या तसं लिहून घेतलं. साहेबांनी पुन्हा मामांच्या पाठीवर हात ठेवला. चिमणीचं तोंड मिटलं. ती शिडी चढून वर आली, केबिनचं दार लावून घेतलं आणि लिव्हरवर डोकं टेकून बसली. मला तिचा राग आला होता. तिच्या डोक्याचं वजन लिव्हरवर जाणवत होतं, तरीही आला होता.

मुदत पुरी झाली. मी आता अख्खी मिलची. आणि दुसऱ्याच आठवड्यात ठोकळेही थांबले. भाडं बंद. फोन केला की साहेब मीटिंगमध्ये.

एके दिवशी साहेब धक्क्यावर आले ते एका आर्किटेक्टला घेऊन. टेप लावून मोजमाप चाललं होतं. मामा बार्जवरून उतरून आले, मागोमाग चिमणी.

"साहेब, माल?"

"मामा, बाजार बघताय ना तुम्ही. आता कसला माल?"

मामांनी जन्मात कधी न मागितलेली गोष्ट मागितली. "मग हॉल्टिंग द्या, साहेब. करारात आहे. मागचंही राहिलंय. बँकेचा माणूस घरी येऊन बसतो."

"मागचं कसलं?" साहेबांच्या चेहऱ्यावर खरंखुरं आश्चर्य होतं. "मागे तुमची बोट उभी कधी होती? रोज चालत होती की. तुम्हीच सांगितलंत मॅडमना. आणि पुढचं म्हणाल, तर मुदतीबरोबर करारही संपला."

"ते ठोकळे होते, साहेब."

"मामा," साहेब अगदी जवळ आले, अगदी मायेने म्हणाले, "असं मोठ्याने बोलू नका. उद्या सरकारने विचारलं, खोटं कोण बोललं, तर माझ्या तोंडून काहीच गेलेलं नाही हो. मला तुमची काळजी वाटते."

आर्किटेक्टचा टेप करकरत मिटला आणि मी दचकले. दुसरं कुणीच हललं नाही.

ते गेल्यावर बाप आणि मुलगी दोरखंड बांधायच्या खुंटांवर बसले, दोन खुंटांवर दोघे.

"मी सांगणार होते," चिमणी म्हणाली. "तुम्ही माझ्या आधी बोललात."

"तुझी नोकरी जाऊ नये म्हणून बोललो."

"आणि मी तुमच्या बोटीसाठी गप्प बसले."

मामांनी तिच्याकडे पाहिलं. मला वाटलं ते रडतील, पण ते हसायला लागले, भयंकर, खांदे गदगदा हलवून. "म्हणजे दोघांनी एकमेकांना बुडवलं की गं पोरी. आणि साहेबांचे बूटसुद्धा ओले झाले नाहीत." चिमणी म्हणाली, "बाबा, पुरे." ते थांबले नाहीत. "बाबा, पुरे ना," ती पुन्हा म्हणाली, आणि तिचाच आवाज फुटला.

बँकेने बार्ज जप्त केली. लिलावात कुणी बोट म्हणून घेईना. ज्या नदीवर माल नाही तिथे बार्ज घेऊन करायचं काय? शेवटी मिलनेच घेतली, मातीच्या मोलाने. धक्क्यावर नदीकाठचं कॅफे होणार होतं. बार्ज कायमची बांधून तिच्यावर टेबलं मांडायची होती. एकाच जागी उभी राहणार म्हणून इंजिन काढून टाकायचं होतं.

ते काढायला मीच. दुसरं कोण? भाड्याने ऑपरेटर बोलावणार होते. चिमणी म्हणाली, "नको. मी करते."

मामा बार्जमध्ये उतरले. इंजिनाचे बोल्ट त्यांनी स्वतः सोडवले, पट्टे स्वतः लावले, गाठ दोनदा तपासली. मग हात वर करून हळूच बोटं हलवली. घे. मी उचललं. त्या दिवशी कितीतरी काळानंतर माझ्या हातात खरं वजन होतं. तेलाचे थेंब डेकवर पडले आणि मामांनी सवयीने वाकून फडक्याने पुसले. पुसताना त्यांच्या लक्षात आलं असावं, की आता ते पुसायची गरज नाही. तरी पुसत राहिले. चिमणी श्वास धरून होती. मी इंजिन धक्क्यावर उभ्या असलेल्या ट्रकमध्ये ठेवलं. हो, ट्रकमध्येच. आवाजसुद्धा झाला नाही. ट्रक नव्या फाट्याने निघून गेला.

ते माझं शेवटचं काम.

हल्ली मला गडद हिरवा रंग दिलाय आणि मानेपासून हुकापर्यंत दिव्यांच्या माळा सोडल्यात. केबिनला कुलूप आहे. पायाशी एक पितळी पाटी लावली आहे. नदीवरून इतका इतका माल या क्रेनने पाठवला, आणि रस्त्यावरचे इतके ट्रक वाचवले. आकडा मीटरचाच आहे. लोक वाचतात, "बापरे!" म्हणतात आणि कॉफी मागवतात. शाळेच्या भिंतीला घासून आता ट्रक जात नाहीत हे मात्र खरं, ते हमरस्त्याने जातात. तिथेही कुणाच्या तरी काचा थरथरत असतीलच.

चिमणी आता दूरच्या एका इमारतीच्या बांधकामावर क्रेन चालवते. मामा दुसऱ्याच्या बोटीवर दोरखंड ओढायला जातात. गेल्या रविवारी दोघे आले होते, गिऱ्हाइकांसारखे, कपडे बदलून. चिमणीने पहारेकऱ्याला विचारलं, "जरा वर केबिनमध्ये जाऊ? इथेच कामाला होते मी."

"परवानगी नाही, ताई."

मामा कठड्याशी जाऊन बार्जकडे बघत उभे राहिले. टेबलं गच्च भरली होती. एक मुलगी बार्जच्या टोकावर उभी राहून फोटो काढून घेत होती. तिचा मित्र मोबाइल धरून मामांना म्हणाला, "काका, जरा बाजूला होता का? फोटोत येताय."

"हो, हो," मामा म्हणाले. "चुकलं माझं." आणि बाजूला झाले.

मी जागची हलू शकत नाही. पंजा काढून नेलाय, वायरी बांधून टाकल्यात. म्हणून हात जोडून सांगते, तुम्ही कधी इथे आलात आणि ती पाटी वाचलीत, तर 'बापरे' म्हणू नका. नदीवर कठड्याशी कुणी म्हातारा उभा असेल, तर फोटो थोडा थांबवा. त्याला विचारा, मामा, ही बोट चालायची कशी? ते सांगतील. वाटेल तेवढा वेळ सांगतील. आणि ते बोलत असताना मी वरून ऐकेन, माळेतला एकही दिवा न हलवता.